क्षीण अनुस्फुरण : चंद्रशेखर वेंकट रामन यांचे जीवन

बंगळूर शहराच्या दक्षिणेला, तमिळनाडूच्या सीमेला लागून आनेकल हा तालुका पसरलेला आहे. नाचणीची शेते, तळी आणि रेशमाचे माग ही त्याची जुनी ओळख. जिगणी, बोम्मसंद्र, अत्तिबेले येथील औद्योगिक वसाहती ही नवी. औषधे बनवणाऱ्या कारखान्यांत द्रव्यांची पारख हा रोजचा व्यवहार असतो. पिशवीवरच्या चिठ्ठीत लिहिलेले द्रव्यच आत आहे काय आणि त्यात नको ते काही मिसळले आहे काय, हे दोन प्रश्न तेथे सतत विचारले जातात. प्रकाशाच्या साहाय्याने त्यांची उत्तरे दोन रीतींनी मिळवता येतात. पहिल्या रीतीत मुद्दाम घडवलेला एक रेणू द्रावणात सोडतात. ज्या धातूचा वा विषाचा शोध घ्यावयाचा तो त्याला भेटला की तो उजळतो. त्यास अनुस्फुरक शोधक असे म्हणता येईल. दुसऱ्या रीतीत काहीच मिसळावे लागत नाही. द्रव्यावर एकरंगी प्रकाश टाकावयाचा आणि त्यातून विखुरलेल्या किरणांतील अतिमंद अशा नव्या रेषा वाचावयाच्या. या रेषांना रामन रेषा म्हणतात. ज्यांचे नाव त्यांना लाभले ते चंद्रशेखर वेंकट रामन आयुष्याची अखेरची ३७ वर्षे याच शहराच्या उत्तर भागात राहिले. आज परस्परांना पूरक असलेल्या, पण पुष्कळदा परस्परांच्या आड येणाऱ्या या दोन प्रकाशांची त्यांच्या प्रयोगशाळेत एकदा गल्लत झाली होती आणि ती निस्तरण्यास पाच वर्षे लागली. रामन यांच्या चरित्रातील यश, हट्ट आणि चूक या तिन्ही गोष्टी त्या गल्लतीच्या आसपास उलगडतात.

प्रथम त्या शब्दाविषयी थोडे सांगितले पाहिजे. क्विनीनच्या रंगहीन द्रावणावर ऊन पडले की पृष्ठभागाशी निळसर आभा दिसते, याचा उलगडा केंब्रिजचे जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांनी १८५२ साली केला. त्यांचे साहित्य मोठे साधे होते. चर्चच्या खिडकीची निळी काच प्रकाशाच्या वाटेत ठेवून त्यांनी द्रावणावर केवळ जांभळे व त्यापलीकडचे किरण पडू दिले आणि डोळ्यांपुढे पिवळसर मद्याचा पेला धरून तेच किरण अडवले. तरीही द्रावण उजळलेले दिसले. म्हणजे आत गेलेला प्रकाश वेगळा होता आणि बाहेर आलेला वेगळा. फ्लोरस्पार या खनिजावरून स्टोक्स यांनी या घटनेस नाव दिले. हिंदीत तिला प्रतिदीप्ति म्हणतात, तर मराठी विज्ञानलेखनात अनुस्फुरण. मराठी पारिभाषिक शब्दांवर कृत्रिमतेचा आरोप नेहमी होतो आणि तो सर्वस्वी खोटाही नाही. परंतु या ठिकाणी अनु या उपसर्गाने मोठी कामगिरी बजावली आहे. अनुस्फुरणात रेणू प्रकाश गिळतो, क्षणाचा काही अब्जांश भाग तो जवळ ठेवतो आणि नंतर, काहीशा उतरलेल्या रूपात, परत करतो. रामन यांच्या प्रकाशात हे नंतर मुळी नसतेच.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे झाला. वडील चंद्रशेखर अय्यर पुढे विशाखापट्टणमच्या महाविद्यालयात गणित व भौतिकीचे अध्यापक झाले, त्यामुळे मुलाचे बालपण समुद्रकाठी आणि पुस्तकांच्या सहवासात गेले. अकराव्या वर्षी मॅट्रिक, मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९०४ मध्ये पदवी, १९०७ च्या आरंभी एम. ए. असा त्यांचा वेग होता. विद्यार्थिदशेतच, १९०६ साली, लंडनच्या फिलॉसॉफिकल मॅगझीनमध्ये त्यांचा पहिला शोधनिबंध आला. अशा मुलाने इंग्लंडला जावे हा त्या काळचा रिवाज; पण प्रकृतीस तेथील हवा मानवणार नाही, असा डॉक्टरांनी निर्वाळा दिला. तेव्हा रामन वित्त खात्याच्या स्पर्धा परीक्षेस बसले, पहिले आले, लोकसुंदरी यांच्याशी विवाहबद्ध झाले आणि १९०७ साली कलकत्त्यात सरकारी अधिकारी म्हणून रुजू झाले.

ट्रामने जाताना बहुबाजार रस्त्यावर २१० क्रमांकाच्या वास्तूवर त्यांना एक पाटी दिसली. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापन केलेली ती विज्ञानसंवर्धक संस्था होती. व्याख्याने होत, पण प्रयोगशाळेत फारसे कोणी फिरकत नसे. पुढील दहा वर्षे रामन यांचा दिनक्रम ठरून गेला : पहाटे संस्था, दिवसा कचेरी, सायंकाळी पुन्हा संस्था. मध्ये १९०९ साली रंगूनला आणि १९१० साली नागपूरला बदली झाली. नागपूर त्या वेळी मध्यप्रांताची राजधानी होते. तेथेही फावल्या वेळी घरीच प्रयोग चालू राहिले. १९११ मध्ये ते कलकत्त्यास परतले. ज्या शहरात त्यांचे खरे आयुष्य घडले त्या शहरात ते कारकुनी जमाखर्चाचे हिशेब तपासण्यासाठी आले होते, ही गोष्ट चरित्रकारांना नेहमीच भुरळ घालते. तिचा अधिक उपयोगी अर्थ असा, की त्यांना कोणी गुरू लाभला नाही. कोणाच्या शिकवणीने डोळा बांधला गेला नाही. आणि कोणी चूक दाखवली तर ती ऐकून घेण्याची सवयही लागली नाही.

आशुतोष मुखर्जी यांनी कलकत्ता विद्यापीठात पालित यांच्या नावाने निर्माण झालेले भौतिकीचे अध्यासन रामन यांना देऊ केले. परदेशी जाऊन प्रशिक्षण घेण्याची अट त्यास जोडलेली होती. रामन यांनी ती मानली नाही. शेवटी अटच बाजूस सारली गेली आणि १९१७ साली जवळजवळ निम्म्या वेतनावर त्यांनी सरकारी नोकरी सोडली. या काळात त्यांचे मन नादात रमलेले होते. व्हायोलिन, वीणा, तंबोरा यांच्या कंपनांचा अभ्यास तर झालाच. पण मृदंग व तबला या वाद्यांवरील काम विशेष होय. साध्या ताणलेल्या कातड्यातून उमटणारे उपस्वर एकमेकांशी बेसूर असतात. तबल्यावर व मृदंगावर मधोमध जी शाई चढवतात तिच्या भाराने हे उपस्वर मूळ स्वराच्या पटींत येऊन बसतात आणि चामड्यातून तारेसारखा सुरेल नाद निघतो. १९२० साली नेचरमध्ये रामन व त्यांचे सहकारी शिवकाली कुमार यांनी हे मांडले. कोणा अनाम कारागिराने हाताने साधलेली गोष्ट गणिताच्या भाषेत आली. दोन कंपने एकत्र आली म्हणजे त्यांच्या बेरजेचा व वजाबाकीचा स्वर निर्माण होऊ शकतो, याची जाण रामन यांच्या कानाला प्रथम झाली. पुढे प्रकाशात त्यांना तेच गणित भेटले, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

१९२१ साली ऑक्सफर्डमधील विद्यापीठांच्या परिषदेसाठी त्यांनी पहिला परदेशप्रवास केला. परतताना नारकुंडा जहाजाच्या कठड्याशी उभे राहून ते भूमध्य समुद्राचा निळा रंग पाहत होते. समुद्राची निळाई हे आकाशाचे प्रतिबिंब, असे लॉर्ड रॅले यांचे मत होते. रामन यांच्या खिशात निकोल प्रिझम होता. त्यातून पाहताना पाण्यावरून परावर्तित झालेला आकाशाचा प्रकाश नाहीसा करता येत होता; आणि तो नाहीसा झाल्यावर समुद्र फिका न होता अधिकच गडद निळा दिसत होता. तेव्हा रंग पाण्याचाच होता. पाण्याचे रेणू प्रकाश विखुरतात म्हणून तो दिसत होता. जहाज मुंबईस लागले तेव्हा नेचरला धाडावयाचे टिपण तयार होते. त्यावर २६ सप्टेंबर १९२१ ही तारीख असून ठिकाण म्हणून मुंबई बंदराचा उल्लेख आहे. रामन यांच्या जगप्रसिद्ध कार्याचा आरंभबिंदू मुंबईच्या पत्त्यावर नोंदलेला आहे, ही गोष्ट मराठी वाचकाने लक्षात ठेवावी अशी आहे.

कलकत्त्यास येताच द्रव, वायू आणि स्फटिक यांतून होणाऱ्या प्रकाशाच्या विकिरणावर सारी प्रयोगशाळा कामास लागली. यातील एक जण के. आर. रामनाथन. १९२३ च्या उन्हाळ्यात ते पाण्यातून विखुरणाऱ्या प्रकाशाची तपासणी करीत होते. पद्धत स्टोक्स यांचीच होती, मद्याच्या पेल्याऐवजी रंगीत गाळण्या होत्या इतकेच. आत जाणारा प्रकाश एका गाळणीतून गाळलेला. बाहेर येणाऱ्याच्या वाटेत तिला पूरक अशी दुसरी गाळणी. प्रकाश केवळ विखुरत असेल, त्याचा रंग बदलत नसेल, तर या दोहोंनंतर काळोखच उरावयास हवा. पण काळोख उरला नाही. अगदी पुसट असा उजेड राहिला.

रामनाथन यांनी त्यास क्षीण अनुस्फुरण असे म्हटले. त्या वेळच्या ज्ञानाप्रमाणे हे अगदी उचित होते. द्रवात कोठेतरी अनुस्फुरक द्रव्याचा सूक्ष्म अंश उरला असणार, हे उघड दिसत होते. रामन यांचे मात्र समाधान होईना. द्रव निर्वातात पुनःपुन्हा सावकाश ऊर्ध्वपातित करण्यात आला. मळ असता तर शुद्धीगणिक उजेड घटला असता. तो घटला नाही. १९२५ मध्ये के. एस. कृष्णन यांनीही अनेक द्रवांत हीच पुसट आभा पाहिली. तरीही नाव तेच राहिले. क्षीण आणि अनुस्फुरण हे दोन्ही शब्द समजुतीचे होते. पहिल्याने घटना दुय्यम ठरवली, दुसऱ्याने ती परिचित ठरवली. नाव देऊन झाले की प्रश्न संपला असे वाटू लागते, आणि या नावाने पाच वर्षे तेच केले. येथे दोष एकट्या शिष्याचा मानणे अन्याय्य होईल. असमाधान गुरूचे होते, पण नाव बदलण्याचे धैर्य १९२८ पर्यंत कोणालाच झाले नाही.

१९२७ च्या अखेरीस दोन गोष्टी घडल्या. क्ष-किरण इलेक्ट्रॉनवर आदळून विखुरताना आपली तरंगलांबी बदलतात, या शोधासाठी आर्थर कॉम्प्टन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. क्ष-किरणांत जे घडते ते दृश्य प्रकाशात का घडू नये, हा प्रश्न रामन यांच्या मनाने घेतला. त्याच सुमारास एस. वेंकटेश्वरन यांनी शुद्ध ग्लिसरीनमधून निळ्याऐवजी हिरवट प्रकाश येताना पाहिला. हे गृहस्थ दिवसा सरकारी नोकरीत रासायनिक तपासणीचे काम करीत आणि उरलेल्या वेळात संस्थेत येत. रामन यांचे स्वतःचे पूर्वायुष्यच जणू त्यांच्या रूपाने समोर उभे होते. त्यांनी पाहिलेला तो हिरवट प्रकाश तीव्रपणे ध्रुवित होता, म्हणजे त्याची कंपने एका प्रतलात बांधलेली होती. ग्लिसरीनसारख्या दाट द्रवात अनुस्फुरणही काहीसे ध्रुवित असू शकते. साध्या पातळ द्रवांत मात्र तसे सहसा होत नाही. रेणू प्रकाश गिळून परत करण्यापूर्वी गिरकी घेतो आणि दिशा विसरतो. पातळ द्रवांतही हे ध्रुवण आढळले तर ते क्षीण अनुस्फुरण अनुस्फुरण नव्हेच, असे म्हणावे लागणार होते.

१९२८ च्या फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रामन यांनी कृष्णन यांना सैद्धान्तिक कामातून उठवून प्रयोगाच्या मेजाशी बसवले. सात इंची दुर्बिणीच्या भिंगाने सूर्यप्रकाश एकवटून द्रवावर टाकला जाई. एकामागून एक द्रव तपासले गेले, पुढे बाष्पेही. सर्वांत ती आभा होती आणि ती ध्रुवित होती. १६ फेब्रुवारीस नेचरकडे टिपण गेले. २८ फेब्रुवारीस वर्णपटदर्शकातून पाहता मूळ प्रकाशापासून अंतर राखून असलेला वेगळा प्रकाश स्पष्ट दिसला. लगोलग पारावाफेच्या दिव्याचा वापर झाला आणि वर्णपटात मूळ रेषेच्या शेजारी नव्या, तीक्ष्ण रेषा आढळल्या. या रेषांनी वादच मिटवला. अनुस्फुरणाचा रंग द्रव्य ठरवते. आत कोणताही योग्य प्रकाश जावो, बाहेरचा पट्टा आपल्या जागी पसरट होऊन बसतो. या नव्या रेषा मूळ रेषेबरोबर सरकत होत्या. मूळ रेषा निळी घ्या वा हिरवी, तिच्यातले व नव्या रेषेतले कंप्रतेचे अंतर तेच राही, आणि ते अंतर म्हणजे रेणूच्या स्वतःच्या कंपनाची कंप्रता. प्रकाशाच्या स्वरात रेणू आपला स्वर मिळवत होता वा त्यातून वजा करत होता. तबल्याच्या अभ्यासकास हे समजावून सांगावे लागले नाही.

१६ मार्च १९२८ रोजी बंगळूर येथे दिलेल्या व्याख्यानात रामन यांनी हा शोध सविस्तर मांडला. याच महिन्यांत मॉस्कोमध्ये लान्ड्सबर्ग व मान्देलश्ताम हेही क्वार्ट्झच्या स्फटिकात तीच घटना पाहत होते. त्यांचे प्रकाशन मागाहून झाले. या परिणामास रामन यांचे नाव दिले बर्लिनच्या पेटर प्रिंग्सहाइम यांनी. हे प्रिंग्सहाइम अनुस्फुरण व प्रस्फुरण या विषयांवरील मान्य ग्रंथाचे कर्ते होते. ज्या घटनेस पाच वर्षे अनुस्फुरण म्हटले गेले ती अनुस्फुरण नव्हे याची ग्वाही अनुस्फुरणाच्याच अधिकारी पुरुषाने द्यावी, याहून चांगला साक्षीदार रामन यांना मिळाला नसता. १९२९ मध्ये सर ही पदवी आणि १९३० मध्ये नोबेल पारितोषिक, ही पुढची परिचित कथा. विज्ञानातील नोबेल आशियात प्रथमच येत होते. ते एकट्या रामन यांना मिळाले. कृष्णन हे तमिळ व संस्कृत वाङ्मयाचे व्यासंगी, शांत प्रकृतीचे गृहस्थ. त्यांनी याविषयी जाहीर वाद केला नाही. विचार रामन यांचा होता यात शंका नाही. परंतु अंधारात बसून, डोळे सरावेपर्यंत थांबून, पुसट आभा प्रथम पाहणारे डोळे रामनाथन, कृष्णन आणि वेंकटेश्वरन यांचे होते.

१९३३ साली रामन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्राची पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवलेल्या कमला भागवत यांचा प्रवेश-अर्ज संस्थेकडे आला. त्यांचे वडील याच संस्थेत शिकलेले. थोरली बहीण दुर्गा भागवत पुढे मराठीतील थोर लेखिका व लोकसाहित्याच्या अभ्यासक झाल्या. अर्ज नामंजूर झाला. कारण गुणवत्तेचे नव्हते. अर्जदार स्त्री होती. कमलाबाई स्वतः बंगळूरला गेल्या आणि संचालकांना कारण विचारीत राहिल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर : पहिले वर्ष परीक्षाधीन राहावयाचे, मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीदेखील, काम करावयाचे, आणि प्रयोगशाळेचे वातावरण बिघडू द्यावयाचे नाही. ही शेवटची अट वाचताना १९२३ ची आठवण झाल्यावाचून राहत नाही. द्रवात मळ आहे हे गृहीतक ज्या मनुष्याने प्रयोगावाचून मान्य केले नाही, त्याने येथे प्रयोगापूर्वीच ते गृहीत धरले. वर्षाअखेर रामन यांनी आपले मत बदलले आणि संस्थेचे दार इतर मुलींना उघडले, हे नोंदवलेच पाहिजे. कमलाबाईंनी एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध व डाळी यांतील प्रथिनांवर काम केले, १९३६ मध्ये एम. एससी. मिळवली, आणि १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट. तेथे त्यांनी वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असल्याचे दाखवले. हे द्रव्यही वर्णपटातील त्याच्या काळ्या पट्ट्यांवरून ओळखले जाते. कमला सोहोनी या नावाने त्या पुढे प्रसिद्ध झाल्या. त्या पहिल्या वर्षीचा अपमान त्या विसरल्या नाहीत आणि वृद्धपणीही त्यांनी तो बोलून दाखवला.

संचालकपद रामन यांना मानवले नाही. कारभारावरून संस्थेच्या मंडळाशी खटके उडाले, १९३७ मध्ये ते पदावरून उतरले आणि १९४८ पर्यंत भौतिकीचे प्राध्यापक म्हणून राहिले. १९३४ मध्ये त्यांनी भारतीय विज्ञान अकादमीची स्थापना केली होती. जर्मनीतून परागंदा झालेल्या माक्स बोर्न यांना त्यांनीच १९३५ साली बंगळूरला आणले; पुढे स्फटिकांतील कंपनांच्या उपपत्तीवरून त्यांच्याशीच तीव्र मतभेद झाले आणि काळाने निर्णय बोर्न यांच्या बाजूने दिला.

चाळिशीच्या दशकात रामन यांनी हिऱ्यांचा ध्यास घेतला. जंबुपार किरणांत काही हिरे निळे चमकतात, काही हिरवट, काही मुळीच नाही. अनुस्फुरणाने पुन्हा त्यांच्या दारावर थाप दिली होती, आणि यावेळी ते खरेखुरे अनुस्फुरण होते. १९४० साली त्रावणकोर संस्थानातून आलेल्या अण्णा मणी या तरुणीकडे हे काम गेले. तीसहून अधिक हिऱ्यांचे अनुस्फुरण, शोषण आणि रामन वर्णपट त्यांनी टिपले. एकेका छायाचित्रपट्टीस पंधरा-वीस तास प्रकाश द्यावा लागे. रात्र प्रयोगशाळेतच सरे. १९४२ ते १९४५ या काळात त्यांचे पाच निबंध प्रसिद्ध झाले. १९४५ मध्ये त्यांनी मद्रास विद्यापीठाकडे प्रबंध सादर केला. त्यांच्याकडे एम. एससी. नव्हती, या कारणास्तव डॉक्टरेट नाकारण्यात आली. पुढे त्या हवामानशास्त्रज्ञ म्हणून देशभर नावाजल्या. तो प्रबंध बंगळूरला ग्रंथालयात राहिला.

हिरे चमकतात ते कशामुळे? रामन यांचे उत्तर निःसंदिग्ध होते : स्फटिकाच्या रचनेमुळे. हिऱ्याच्या बांधणीचे निरनिराळे प्रकार एकमेकांत गुंफले गेले की अनुस्फुरण उद्भवते, त्यास परकीय द्रव्य कारण नाही. अशुद्धीचे स्पष्टीकरण त्यांनी दुसऱ्यांदा नाकारले. पहिल्या वेळी ते बरोबर होते, यावेळी चुकले. हिऱ्यात मुख्य अशुद्धी नायट्रोजनची असते, हे १९५९ मध्ये स्पष्ट झाले आणि निळी चमक देणारे केंद्र नायट्रोजनच्या अणूंचे आहे, हेही पुढे दिसून आले. गळ्यातला अनुभव माणसाला दुसऱ्यांदा त्याच वाटेने नेतो. १९२३ मध्ये ज्या हट्टाने नवे सत्य हाती दिले तोच हट्ट पुढे आड आला, असे म्हणणे सोपे आहे. पण त्या काळी उपलब्ध असलेल्या मोजमापांत ती नायट्रोजनची मात्रा सहज सापडण्यासारखी नव्हती, हेही ध्यानी घ्यावे. तथापि शिष्यांच्या पट्ट्यांवरील रेषा रामन यांच्या उपपत्तीहून अधिक टिकाऊ ठरल्या. मोजमाप प्रामाणिक असेल तर ते चुकीच्या उपपत्तीच्या छायेतही जिवंत राहते.

अनुस्फुरक शोधकांची विद्या या काळात वेगळ्या वाटेने वाढत होती. १८६७ साली गोपेल्सरोडर यांनी मोरिन या वनस्पतिजन्य रंगद्रव्याच्या चमकेवरून ॲल्युमिनियम ओळखले होते. १८७७ मध्ये डॅन्यूब नदीत फ्लुओरेसीन सोडून तिचे पाणी जमिनीखालून ऱ्हाइनच्या खोऱ्यात झिरपते हे पडताळले गेले. पण हे सापडलेले रेणू होते. हवा तसा रेणू योजून घडवणे हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील काम. शोधकाचे तीन भाग असतात : पाहुण्याला धरणारा एक, उजळणारा दुसरा, आणि दोहोंमधला दुवा. पाहुणा नसतो तेव्हा धरणारा भाग उजळणाऱ्याला आपला इलेक्ट्रॉन देऊन त्याची चमक विझवत असतो. पाहुणा येताच ते इलेक्ट्रॉन त्याच्यात गुंततात आणि दिवा लागतो. श्रीलंकेचे ए. पी. डी सिल्वा यांनी ही योजना पद्धतशीर केली. १९८० पासून रॉजर त्सिएन यांनी कॅल्शियमचे शोधक घडवले आणि जिवंत पेशीतील कॅल्शियमची भरती-ओहोटी दिसू लागली. हिऱ्याचीही गोष्ट पुढे गेली. नायट्रोजनचा अणू आणि शेजारची रिकामी जागा मिळून झालेले हिऱ्यातील केंद्र लाल अनुस्फुरण देते. असे सूक्ष्म हिरे पेशीत सोडून तिचे तापमान २०१३ मध्ये मोजले गेले. रामन यांनी जिचे अस्तित्व मानले नाही ती अशुद्धीच शोधक होऊन बसली.

उलट रामन रेषांना अनुस्फुरण हा अद्यापही जुना शत्रू आहे. विखुरलेल्या प्रकाशात रामन रेषांचा वाटा सुमारे एक कोटीत एक. द्रव्य किंचित जरी अनुस्फुरक असले तरी त्या झगमगाटात रेषा बुडून जातात. म्हणून अवरक्त लेसर वापरावा लागतो, कारण त्याने अनुस्फुरण सहसा चेतत नाही. आज हातात मावणाऱ्या उपकरणाने काचेच्या बाटलीबाहेरून आतील औषधद्रव्य ओळखता येते ते या साऱ्या खटपटीनंतर.

१९४८ मध्ये निवृत्त होताच रामन आपल्या नावाच्या संशोधनसंस्थेत राहावयास गेले. म्हैसूर सरकारने १९३४ मध्ये दिलेल्या जमिनीवर ती उभी राहिली. सरकारी पैसा त्यांनी घेतला नाही. १९५४ मध्ये पहिल्या भारतरत्नांपैकी एक त्यांना मिळाले. १९६८ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीचे सदस्यत्व सोडले. उतारवयात ते फुलांचे रंग आणि डोळ्याची दृष्टी यांवर लिहीत राहिले. त्यातले बरेच विद्वानांनी मनावर घेतले नाही. विज्ञान मातृभाषेतून शिकवले गेले पाहिजे, असे त्यांचे आग्रही मत होते, जरी त्यांनी स्वतः लिहिले ते इंग्रजीतच. शाळकरी मुले आली की ते स्वतः त्यांना संग्रहालयात नेत. तेथे स्फटिक, शंखशिंपले, पक्ष्यांची पिसे आणि फुलपाखरे यांच्या जोडीला एक अंधारी खोली होती. तिच्या कपाटांतील दगड साध्या उजेडात करडे, मातकट दिसतात. दिवे मालवून जंबुपार किरण सोडले की ते हिरवे, नारिंगी, निळे होऊन उठतात. हे अनुस्फुरण मात्र कोणाच्याही नावाने वादग्रस्त नव्हते.

२ ऑक्टोबर १९७० रोजी त्यांनी संस्थेत गांधीस्मृती व्याख्यान दिले. विषय कानाचा आणि श्रवणाचा होता. आयुष्याच्या आरंभीचा नाद पुन्हा आला होता. त्याच महिन्याच्या अखेरीस ते प्रयोगशाळेत कोसळले. रुग्णालयात राहण्यास त्यांनी नकार दिला आणि आपल्या संस्थेच्या आवारात परतले. २१ नोव्हेंबर १९७० रोजी पहाटे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे कोणतेही धार्मिक विधी न करता बागेतच दहन झाले. त्या जागी समाधी बांधली नाही. एक झाड लावले आहे.